माझा मेलेला कोपरा

बूट पुसून आलात ना? मग बोलते. मी या क्रीडासंकुलातल्या बास्केटबॉल हॉलची लाकडी जमीन.

नवी होते तेव्हा माझ्यात तोंड दिसायचं. पुढे छत गळायला लागलं आणि एका बास्केटजवळचा माझा कोपरा खालून कुजला. तिथे चेंडू उसळायचाच नाही, थप्पकन बसायचा. आमच्या मुली लबाड. पाहुण्या संघाला नेमकं तिकडेच रेटायच्या आणि चेंडू पळवायच्या; स्वतः मात्र चुकूनही तिथे जायच्या नाहीत. त्यांच्यातलीच एक पुढे इथली कोच झाली आणि तिने ही युक्ती आपल्या लेकीला शिकवली. लेक आता कप्तान आहे. उंची बेताची, म्हणून सगळ्या तिला बुटकी म्हणतात. माझ्या दुखण्यावर यांनी सामने मारायचे, याची मला फार लाज वाटायची.

यंदा संकुलाचा कायापालट सुरू झाला. नवं छत, नवे दिवे. मला उखडून रबर घालायचं घाटत होतं, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला. पण इंजिनीयरबाईंनी फळ्या ठोकून पाहिल्या आणि मला ठेवून घेतलं. सुतारांनी कुजकं लाकूड बदललं, मला तासलं, पॉलिश केलं. काय सांगू, मी पुन्हा तरणीताठी झाले!

पॉलिश वाळेपर्यंत कुणाला आत सोडलं नाही, त्यामुळे सराव राहिला. आणि पहिलाच सामना उपांत्य फेरीचा. आमच्या मुली सवयीने पाहुण्यांना कोपऱ्यात रेटत होत्या आणि चेंडू मरायची वाट बघत होत्या. तो मरतोय कशाला? पाहुण्यांना रान मोकळं मिळालं. मध्यंतराला आम्ही चांगलेच मागे पडलो होतो.

"आता बाजू बदलली. तुम्ही त्या कोपऱ्यातूनच आत शिरा," कोच म्हणाली.

"आई, तिथे बॉल मरतो. तूच तर डोक्यात भरवलंयस."

"अगं, दुरुस्त झालाय तो."

"मग तू जाऊन दाखव."

आई चेंडू घेऊन निघाली खरी, पण कोपऱ्याच्या अलीकडे तिचेही पाय अडखळले. माझ्यापासून काय लपणार? मग तिने पाऊल आत टाकलं आणि चेंडू आपटला. मी जीव तोडून तो वर दिला. तिने पुन्हा आपटला, पुन्हा. मग लहान मुलीसारखी हसायलाच लागली.

"खरंच की गं," ती लेकीला म्हणाली.

मग काय विचारता! बुटकी कोपऱ्यातून शिरायची ती थेट बास्केटखालीच निघायची. शेवटच्या क्षणी एका गुणाने मागे असताना तिने तिथूनच चेंडू टाकला आणि आम्ही जिंकलो. मला इतका आनंद झाला की फळ्या करकरल्या असत्या, पण आता त्या करकरत नाहीत.

प्रेक्षक गेलेत. आई आणि लेक त्या कोपऱ्यात फतकल मारून बसल्यात, मधूनमधून माझ्यावर हात फिरवतायत. या जागी याआधी कुणी बसल्याचं मला आठवत नाही. दिवे घालवायला आला असाल, तर जरा थांबा. बसू द्या त्यांना थोडा वेळ.