तिसऱ्या मजल्यावरचं लाभलेलं घर

अर्ध्या शहराची घरं विकायला हातभार लावणाऱ्या बद्रीनाथला स्वतःचं एक घर काही केल्या विकता येत नव्हतं. याला नशीब म्हणावं की दिव्याखालचा अंधार, हे ज्याचं त्यानं ठरवावं. तो स्वतः मात्र आता काहीच म्हणायच्या मनःस्थितीत नव्हता. थकला होता बिचारा.

उस्मानपुऱ्यात त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्न, बारसं, साठी, पासपोर्ट, जे येईल ते तो काढायचा. पुढे ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला, लग्नं ड्रोनवाल्या पोरांनी पळवली आणि स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोसाठीसुद्धा कुणी फिरकेना. तेव्हा बन्सी एजंटनं त्याला घरांच्या धंद्यात ओढलं. आता गिऱ्हाईक आधी मोबाईलवर घर बघतं आणि मगच चपला घालतं, असं बन्सीचं म्हणणं होतं, आणि ते खोटं नव्हतं. बद्रीनाथनं रुंद भिंग घेतलं. भर दिवसा सगळे दिवे लावायचे, पडदे बाजूला सारायचे, कॅमेरा कमरेइतका खाली धरायचा, की दहा बाय दहाची खोली मंगल कार्यालयासारखी दिसते. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आणि ते दुरून दाखवणं हेच आता त्याचं पोट झालं होतं.

या धंद्याचे काही नियम असतात. फोटोत वाळत घातलेले कपडे नकोत, औषधाच्या बाटल्या नकोत, कॅलेंडर नको, माणूस तर अजिबात नको. आणि ड्रम नको. ज्या गावात नळ आठवड्यातनं एकदा येतो तिथं घरोघरी निळे ड्रम असायचेच, पण बद्रीनाथच्या एवढ्या वर्षांच्या फोटोंत एक ड्रम सापडला तर शपथ.

त्याचं स्वतःचं घर गारखेड्यात एका जुन्या अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर होतं. बिल्डरनं लिफ्टची जागा सोडली होती, लिफ्ट मात्र बसवली नव्हती. सोसायटीच्या दर मीटिंगला लिफ्टचा विषय निघायचा आणि दर मीटिंगला चहा पिऊन संपायचा. त्या खड्ड्यात आता लोकांच्या मोडक्या खाटा आणि जुन्या सायकली पडलेल्या होत्या. इतकी वर्षं याचं कुणाला काही वाटलं नाही, बद्रीनाथलाही नाही. पण त्याच्या बायकोचे, सारजाबाईचे गुडघे गेले आणि तो जिना एकदम उंच झाला. डॉक्टरांनी सांगितलं, जिना बंद. सांगायला काय जातं. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ती खाली रांगोळी घालायला उतरली होती, ती शेवटची. त्यानंतर बाईनं जमीन पाहिली ती गॅलरीतून.

तेव्हा हे घर विकायचं आणि कुठंतरी तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या, एवढा एकच ध्यास बद्रीनाथनं घेतला होता. सारजाबाई तर रोज विचारायची, आज कुणी येणार आहे का. भाजी निवडताना विचारायची, अंथरुणावर पडल्यावर विचारायची.

कागदावर म्हणाल तर शहरात घरांचे भाव चढले होते. शेंद्र्याकडे कारखाने येणार, बिडकीनकडे कारखाने येणार, पुण्याचे लोक येऊन प्लॉट घेऊन चालले, असं बन्सी ज्याला त्याला सांगायचा. पण तो सगळा भाव नव्या टॉवरांचा. जुन्या घराला विचारतो कोण? टॉवरात पोहण्याचा तलाव, जिम, वर हिरवळ, खाली कारंजं. ज्या तलावात पाणी कुठून आणणार हे कुणी विचारलं नाही त्या तलावाचे निळेशार फोटो बद्रीनाथनंच काढले होते. ते डोळ्यात भरून घेतलेली माणसं त्याच्या दारात यायची आणि नाक मुरडून जायची. आपणच पिकवलेलं आता आपल्याच मुळावर आलं, हे त्याला कळत होतं. कळून उपयोग काय?

स्वतःच्या घराचे फोटो मात्र त्यानं जीव ओतून काढले होते. हॉलचा फोटो घेताना सारजाबाई वॉकर धरून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघराचा घेताना ती आतल्या खोलीत, अशी बिचारी दिवसभर कॅमेऱ्याच्या मागे मागे सरकत राहिली. फोटो बघून फोन पुष्कळ आले, माणसंही आली. पण ती यायची तेव्हा सारजाबाई वॉकरवर उभी असायची. बायकांची नजर आधी तिच्याकडे जायची, मग भिंतींकडे. आणि मग हळूच तो प्रश्न यायचा: घर लाभलं का तुम्हाला?

आपल्याकडे माणूस पाणी नसलेलं घर घेईल, रस्ता नसलेलं घेईल, पण न लाभलेलं घर घेणार नाही. या घरात कोण गेलं, कुणाची नोकरी सुटली, कुणाची पोर बिनलग्नाची राहिली, हे सगळं आडून आडून विचारतात. बद्रीनाथ सांगायचा, लाभलं हो, फार लाभलं. पण समोर वॉकर उभा असला की तोंडच्या शब्दाला कोण विचारतो? माणसं चहाला नको म्हणायची आणि चपला शोधायला लागायची.

शेवटी बन्सीनं हात टेकले. तो माणूस वाईट नव्हता, धंदेवाईक होता एवढंच. त्यानं आडपडदा न ठेवता सांगितलं की वहिनी घरात दिसतात तोवर हे घर विकलं जाणार नाही, त्यांना घर विकेपर्यंत माहेरी पाठवा. सारजाबाईचं माहेर लासूर स्टेशनचं. भावाच्या घरी भावजयीच्या हातचं पाणी मागत बसायची तिची तयारी नव्हती, आणि त्यात चूक काहीच नव्हती. मग असं ठरलं की गिऱ्हाईक यायच्या आधी तिला खाली उतरवायचं आणि गिऱ्हाईक गेलं की वर आणायचं. ज्या जिन्यापायी घर विकायचं तोच जिना घर विकण्यासाठी तिनं उतरायचा. हसावं की रडावं, ते बद्रीनाथला कळेना.

एप्रिलमधल्या एका रविवारी तसं झालं. तळमजल्यावर राहणारा शफीक कूलर दुरुस्तीचं काम करायचा. त्यानं आणि त्याच्या भावानं, दाऊदनं, सारजाबाईला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्ची उचलली. बद्रीनाथ खुर्चीची पाठ धरून मागून उतरत होता. भाभी, डोळे मिटून घ्या, असं शफीक प्रत्येक वळणावर सांगत होता. तिनं मिटले नाहीत. खाली पार्किंगमध्ये शफीकच्या कूलरांच्या पत्र्यांजवळ, वाळ्याच्या ढिगाशेजारी खुर्ची टेकवली, तेव्हा तिनं चप्पल काढली आणि पाय फरशीवर नुसते ठेवले. बद्रीनाथला ते बघवेना. तो पळतच वर गेला, वॉकर पलंगामागे लपवला आणि ड्रमवर चादर टाकली.

बन्सीनं आणलेलं गिऱ्हाईक पैठणकडचं होतं. मुलगा वाळूजला कंपनीत होता आणि भाड्याच्या घराला कंटाळला होता. बरोबर बायको आणि गावाकडून आणलेली आई, साळूबाई. म्हातारीनं जिना पाहिला आणि खालीच थांबते म्हणाली. शफीकनं तिलाही एक खुर्ची दिली. ती कुठं ठेवली असेल ते सांगायला नकोच.

वर सगळं जमत गेलं. इतकं जमलं की बद्रीनाथलाच धास्ती वाटायला लागली. सुनेला स्वयंपाकघर आवडलं, वारा आवडला, फोटोत दिसतं तसंच आहे म्हणाली. घर लाभलं का, हेही तिनं विचारलं. बद्रीनाथ म्हणाला, याच घरातून लेकीचं लग्न झालं, याच घरात नातवाचं बारसं झालं. हे खरं होतं. घरात कोण कोण असतं, असं तिनं विचारलं. मी आणि बायको, ती माहेरी गेलीये, असं तो म्हणाला. हे खरं नव्हतं, पण ते तोंडातून सहज निघालं.

मग मुलानं मोबाईल काढला आणि लिफ्टचा चकचकीत दरवाजा दाखवला. तो फोटोही बद्रीनाथचाच होता, दुसऱ्याच इमारतीतला. बन्सीनं तो जाहिरातीत बेमालूम घुसडला होता. अजून बसायची आहे, असं बन्सी घाईनं म्हणाला. मुलानं बन्सीचं ऐकून घेतलं आणि तो बद्रीनाथकडे वळला.

"काका, हे एजंट लोक काहीही सांगतात. तुम्ही इथं राहता म्हणून तुम्हाला विचारतो. वडील गेल्यापासून आई गावाकडं एकटी हाय. तिला आता कायमची आणायची. जिना तिला होत नाय. लिफ्ट बसेल ना?"

बद्रीनाथनं खिडकीकडे पाहिलं. त्याला एकदम फार थकवा आला. नाही म्हटलं की पुन्हा फोन, पुन्हा चादरी, पुन्हा ती खुर्ची. पुन्हा रात्रीचा तो प्रश्न, उद्या कुणी येणार आहे का. एका बाजूला न पाहिलेली कुणाची तरी आई होती आणि दुसऱ्या बाजूला सारजा. यात विचार करण्यासारखं काय होतं?

"बसेल," तो म्हणाला. "ठरलंय सोसायटीचं."

मुलाचा चेहरा उजळला. बन्सीनं वेळ न घालवता ओट्यावरचा डबा उघडला आणि व्यवहार ठरला म्हणून सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. बद्रीनाथनंही ती तोंडात टाकली. त्याला आनंद झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. आनंदाबरोबर लाजही वाटली, पण लाजेचं काय, ती सवयीनं कमी होते, असं त्यानं मनाला सांगितलं.

सगळे खाली उतरले. पार्किंगमध्ये दोन खुर्च्या एकमेकींना लागून होत्या. साळूबाईनं सारजाबाईचा हात हातात धरला होता.

"आई, घर ठरलं," मुलगा म्हणाला.

"मला नाय यायचं हितं," साळूबाई म्हणाली. आवाज चढवला नाही, तक्रारही नव्हती त्यात.

काय झालं, असं मुलानं विचारलं, तेव्हा तिनं शेजारच्या बाईकडे बोट केलं. "ह्या बाईला इचार. वरच ऱ्हाती, तिसऱ्या माळ्यावर. दिवाळीपासनं आज खाली आणलंय तिला, खुर्चीत घालून. लिफ्टच्या खड्ड्यात खाटा पडल्यात म्हणती."

मुलानं सारजाबाईकडे पाहिलं, मग बद्रीनाथकडे. सून हळूच म्हणाली, माहेरी गेल्यात म्हणाले ना तुम्ही? बद्रीनाथच्या हाताला साखर अजून चिकटलेली होती. तो हात त्यानं पाठीमागे नेला. मुलगा भांडला असता तर बरं झालं असतं. पण त्यानं नुसतं आईला उठवलं, तिच्या काखेत हात घातला आणि गाडीकडे घेऊन गेला. जाताना साळूबाईनं मात्र मागे वळून सारजाबाईला विचारलं की बाई, तुला वर कोण नेणार आता. शफीकनं मान हलवून आम्ही आहोत असं सांगितलं, तेव्हा कुठे ती गाडीत बसली.

बन्सी तिथंच चिडला. अशानं या घराला सात जन्मात गिऱ्हाईक मिळायचं नाही, दुसरा एजंट बघा, असं म्हणून त्यानं मोटारसायकलला किक मारली. शफीक आणि दाऊद कूलरची मोटर उघडून बसले, जणू त्यांना काही ऐकूच आलं नव्हतं.

बद्रीनाथ साळूबाईच्या खुर्चीवर बसला. त्याला राग आला होता आणि राग काढायला जगात एकच माणूस होतं.

"कामून सांगितलंस?" तो म्हणाला. "कुणासाठी चाललंय हे सगळं? माझे गुडघे दुखतात का?"

"माझ्यासाठीच चाललंय," सारजाबाई म्हणाली. "म्हून तर तुम्ही वर काय बोलणार ते मला ठावं व्हतं. ती म्हणली, पोरगं म्हणतंय लिफ्ट हाय. दिवसभर वट्ट्यावर बसणारी बाई हाय ती. तिनं मला इचारलं, रोज उतरता येतं का तुला? माझ्याकडून बोलाया तुम्ही हायेत. तिच्याकडून कोण बोलणार व्हतं?"

"अन् आपलं काय?"

"आपलं काय, ते मला नाय ठाव," ती म्हणाली आणि तिला रडू आलं. इतक्या दिवसांत ती कधी रडली नव्हती, निदान त्याच्यासमोर नाही. बद्रीनाथचा राग तिथल्या तिथे जिरला.

ऊन उतरलं. शफीकनं काम आवरलं आणि भाभींना नेऊ या का, असं विचारलं. तेवढ्यात फाटकाशी भाजीची गाडी आली. सारजाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि गाडी आत बोलवा म्हणाली. भाजीवाला गाडी ढकलत पार्किंगमध्ये घेऊन आला. तिनं मेथीची एकेक जुडी उलटून पाहिली, एक बाजूला टाकली, दुसरी नाकाशी नेली, पाल्यात माती किती आहे म्हणून भाजीवाल्याला चांगलं झापलं आणि भाव पाडून मागितला. एवढ्या मेथीसाठी तिनं इतका वेळ लावला की दाऊद हसायला लागला. कुणी तिला घाई केली नाही.

गाडी निघून गेल्यावरही ती फाटकापलीकडच्या रस्त्याकडे बघत बसली होती. मग तिनं चपला शोधून पायात घातल्या, मेथीची जुडी मांडीवर नीट धरली आणि डोळे मिटून घेतले.

"उचला आता," ती म्हणाली.