बाविसांतल्या आठ

“बेबीनंदाबाई, एवढं नॅरो डाउन करून द्या,” म्हणत सुमित साहेबांनी बावीस नावांचा कागद माझ्यापुढे सरकवला. “बियाणं निवडायचं मशीन आलंय. आठच बाया ठेवायच्यात. तुम्ही मुकादम, तुम्हाला सगळ्या माहीत.”

मी मान हलवली. अठरा वर्षं एमआयडीसीत मक्याचं बियाणं निवडलं, पण ‘नॅरो डाउन’ हा शब्द कधी कानावर आला नव्हता. घरी प्रीतीला विचारलं. पोरगी बारावीला आहे.

“निवडणंच, पण एका दमात न्हाई,” ती म्हणाली. “आधी बाविसाच्या पंधरा कर, मंग पंधराच्या दहा. असं कमी करत करत यायचं. अन् हर टायमाला कारण पाहिजे, आई.”

लाज वाटते सांगायला, पण फुगले मी. साहेबांनी मला विचारलं! चार दिवस तो कागद घेऊन बसले. आधी खाडे करणाऱ्या कमी केल्या, मग हात धीमा असणाऱ्या. नऊवर आले आणि अडले. दैवशाला की पुष्पाबाई? पुष्पाबाईला मोतीबिंदू झालाय, किडका दाणा हल्ली तिच्या हातून सुटतो. पण माझा नवरा वारला तेव्हा तिनंच मला इथं आणलं होतं. पहिला महिनाभर माझ्या वाट्याचं अर्धं बियाणंसुद्धा तीच निवडायची.

कारण पाहिजे होतं ना? होतं कारण. पुष्पाबाईच्या नावावर रेघ मारली.

सोमवारी कागद दिला, तर साहेबांनी घडीसुद्धा न उघडता खणात टाकला. दुपारी गेटवर छापील यादी लागली. माझं नाव होतं, पण मी ठेवलेल्यांतल्या पाच जणी त्यात नव्हत्याच. दैवशालाही नाही. खाली तारीख होती, साहेबांनी मला कागद दिला त्याच्या आधीच्या आठवड्याची.

आणि साहेब बायांना सांगत होते, “नावं तुमच्या मुकादमबाईंनीच ठरवलीत. मला नका विचारू.”

मुडदा बसो याचा! “ही यादी माझी न्हाई!” मी ओरडले. “माझा कागद त्याच्या खणात पडलाय, बघा जाऊन!”

कुणी हललं नाही. पुष्पाबाई तेवढी पुढं आली.

“तुह्या कागदात मी हाये का, बेबे? तेवढंच सांग.”

मी नजर गेटवरच्या यादीकडे वळवली.

“मला इचारायचं तरी,” ती म्हणाली. “मीच म्हणले असते, माझं नाव कट. आपणहून बसले असते घरी.”

डबा उचलून ती गेटबाहेर गेली. मी हाक मारली नाही. कोणत्या तोंडानं मारणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही आठ जणी मशीनवर होतो. जेवणाच्या सुट्टीत सात जणी शेडच्या पलीकडे गोल करून बसल्या. मी पोत्यांच्या थप्पीकडे तोंड करून भाकरी खाल्ली.