चोचोचं बिरडं

“आज सकाळपासून ह्यांनी काय काय खाल्लं?” डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा खरं उत्तर त्या खोलीत एकट्या मृणालिनीबाईंना ठाऊक होतं. आणि त्या गप्प बसल्या.

गप्प बसणं हा त्यांचा पिंड नव्हे. पेणला असताना त्यांचा आवाज आळीच्या दुसऱ्या टोकाला जायचा, आणि कॅनडात मिसिसागाला मुलाकडे येऊन आठ महिने झाले तरी तो उतरला नव्हता. पण समोर पलंगावर रविकांत पडले होते, त्यांचा एकाहत्तर वर्षांचा नवरा. दुपारी जेवण झाल्यावर टीव्हीचं चित्र पुसट दिसतंय म्हणाले. मग तोंडाला कोरड पडली म्हणाले. मग वॉशरूमकडे जायला उठले ते भिंतीला धरून खालीच बसले. अँब्युलन्समध्ये ते आपल्या जुन्या नोकरीतल्या, वीज मंडळातल्या कुणा सावंताला फ्यूज बघायला सांगत होते, आणि आता चादरीवरून काहीतरी न दिसणारं चिमटीनं वेचत होते.

“सकाळी ओट्स, दुपारी फानेस्का,” त्यांच्या मुलानं, शंतनूनं, डॉक्टरांना सांगितलं. “माझ्या बायकोनं केलं होतं. आम्ही चौघांनी एकाच भांड्यातलं खाल्लं.”

हे खरं होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं खरं घरी बेसमेंटमधल्या सिंकमध्ये पडलं होतं, न विसळलेल्या कढईत.

त्याचं असं झालं. शंतनूची बायको लुसिया इक्वाडोरची, क्वेंका गावची. मुलगी गुणाची, याबद्दल बाईंची तक्रार नव्हती. तक्रार होती ती नवऱ्याबद्दल. चाळीस वर्षं ज्यांनी बायकोच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाचं जेवण बरं म्हटलं नाही, ते रविकांत आठ महिन्यांत सुनेच्या स्वयंपाकावर पुरते भाळले होते. बटाट्याच्या पोटात चीज भरून तव्यावर खरपूस भाजलेले तिचे यापिंगाचो, त्यावर शेंगदाण्याची सॉस. रविवारी ट्यूना आणि उकडलेल्या कंदाचं सूप, वर लिंबात मुरवलेला कांदा. “मृणाल, मासळीचं असंही काही होतं हे मला माहीतच नव्हतं गं,” असं ते म्हणायचे, आणि वाटी पुढे करायचे. बाई हसून पाहायच्या. ते हसणं त्यांना फार महाग पडायचं.

त्यात हा गुड फ्रायडे आला. त्या दिवशी इक्वाडोरच्या घराघरात फानेस्का होतं. बारा तऱ्हेचे दाणे, प्रत्येक वेगळा शिजवलेला, दोन तऱ्हांचा भोपळा घोटून त्यात मिसळायचा, दूध, शेंगदाण्याचं कूट, खारवलेला मासा, आणि वर अंडं, तळलेलं केळं, चीज, इवल्याशा करंज्या. आठवडाभर घरात दाणे भिजत होते. सासू-सून दोन संध्याकाळी समोरासमोर बसून पावट्यासारखे मोठे दाणे सोलत होत्या, आणि दाणा न मोडता साल काढायची बाईंची हातोटी बघून लुसियानं फोनवर आपल्या आईला ती दाखवली होती. त्या दोन संध्याकाळी बाईंना सून खरोखर आवडली होती.

बारांपैकी एक दाणा म्हणजे चोचो. पांढुरका, चपटा, वालाच्या दुप्पट. तो एकदा उकडून लुसियानं बेसमेंटच्या सिंकमध्ये मोठ्या भांड्यात ठेवला होता आणि दिवसातून तीनदा पाणी बदलत होती, सात दिवस. बाईंनी तिसऱ्या दिवशी एक तोंडात टाकला.

“आई, नो,” लुसिया म्हणाली होती. “बिटर मीन्स नॉट रेडी. डेंजरस. प्लीज, डोन्ट ईट.”

“कडू आहे म्हणून काय झालं?” बाई शंतनूला म्हणाल्या होत्या. “कडवे वाल कडूच असतात. तीच तर त्याची चव. सात दिवस पाण्यात धुतल्यावर राहतंय काय त्यात? सांग तिला.”

शंतनूनं सांगितलं नाही. हसला आणि वर निघून गेला.

ज्या बाईनं जन्मभर कडवे वाल भिजवले, मोड आणले, एकेक सोलून बिरडं केलं, तिला कडवटपणाची भीती ती काय घालायची? फडताळात चोचोचं दुसरं पाकीट न फोडलेलं होतं. बुधवारी बाईंनी ते, त्या आणि रविकांत राहायचे त्या बेसमेंटमधल्या छोट्या कट्ट्यावर, लुसियाच्या नजरेआड नेलं. रात्री भिजवलं, सकाळी एकदा पाणी बदललं, फडक्यात बांधलं. मोड धड आले नाहीत, पण साल सुटली. शुक्रवारी सकाळी खोबरं, जिरं, मिरची वाटून, कोकम आणि गूळ घालून त्यांनी बिरडं केलं. चाखलं तेव्हा जीभ आकसली. त्यांनी अजून गूळ घातला.

रविकांतना डायबेटीस, त्यांना साडेअकराला खायला लागतं. वरचं फानेस्का दीडशिवाय होणार नव्हतं. बाईंनी भातावर बिरडं वाढलं आणि समोर खुर्ची ओढून बसल्या.

“कसं झालंय?”

रविकांतनी घास गिळला. बायकोकडे पाहिलं. “पेणला करायचीस तसंच,” ते म्हणाले, आणि त्यांनी आणखी एक वाटी मागून घेतली. कितीतरी महिन्यांनी बाईंना जिंकल्यासारखं वाटलं. तळाशी उरलेलं दोन चमचे त्यांनी स्वतः उभ्याउभ्या खाल्लं आणि त्या वर गेल्या.

आता डॉक्टर रविकांतच्या डोळ्यांत बॅटरी मारत होत्या. तरुण बाई, पण घाई नाही, गडबड नाही. “बाहुल्या फारच मोठ्या आहेत,” त्या म्हणाल्या. “डोळ्यांत ड्रॉप्स घालतात? सर्दीची, ॲलर्जीची गोळी? एखादी देशी औषधाची पुडी?”

“नाही,” शंतनू म्हणाला, आणि मग लुसियाकडे वळून जे बोलायला नको होतं ते बोलून गेला. “तूच सांग काय काय घातलं होतंस त्यात. बाबांचं वय बघ, शुगर बघ. दर वेळी काहीतरी नवीन एक्सपेरिमेंट करायलाच पाहिजे का?”

तो हे इंग्रजीत म्हणाला, डॉक्टरांच्या देखत. लुसियाचा चेहरा पडला. पण ती रडली नाही. एकेक दाणा, मासा, दूध, सगळं तिनं क्रमानं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, “त्यात चोचो आहेत. ते अर्धवट धुतले तर विषारी असतात. माझ्या काकांना लहानपणी झालं होतं. तोंड कोरडं, डोळे एवढे मोठे, लघवी बंद, वेड्यासारखं बडबडत होते. पण माझे सात दिवसांचे होते. मी स्वतः चाखून घातले. एकही कडू नव्हता.”

बाईंचं इंग्रजी बेताचं होतं. पण तोंड, डोळे, लघवी एवढं कळायला बेताचं पुरतं.

डॉक्टरांनी बॅटरी खिशात टाकली. “तुम्ही सगळ्यांनी तेच खाल्लं? आणि बाकी कुणाला काही नाही?”

“काही नाही,” शंतनू म्हणाला.

“मग ते नसावं,” डॉक्टर म्हणाल्या, आणि तो धागा तिथेच सुटला.

बाईंनी तोंड उघडलं नाही. का नाही उघडलं? मनाशी त्या भराभरा हिशेब मांडत होत्या. आपण चांगलं रटरटा शिजवलं होतं. शिजवल्यावर कसलं विष राहतं? वालानं आजवर कुणाला काही झालंय? आणि पोराच्या देखत, सुनेच्या देखत आता काय सांगायचं, की तिनं नको म्हटलं होतं तेच मी चोरून केलं, आणि कशासाठी, तर तुझे वडील तिचं कौतुक करतात म्हणून? लुसिया भिंतीला टेकून उभी होती, एकटी. तिच्या डोक्यावर फुटलेलं खापर आपलं आहे हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती मोठी होती.

डोक्याचा स्कॅन झाला. डॉक्टर परत आल्या त्या भराभर चालत. मेंदूत रक्तस्राव दिसत नाही, त्या म्हणाल्या, म्हणजे गुठळी अडकलेली असू शकते. बोलणं अडखळतंय, तोल गेलाय, भ्रम झालाय. स्ट्रोकच्या सगळ्याच खुणा बसत नाहीत, पण थांबून राहिलं तर वेळ निघून जाईल. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, दोन तास झालेच आहेत.

“रिस्क काय?” शंतनूनं विचारलं.

“शंभरातल्या काही जणांना त्या इंजेक्शननंच मेंदूत रक्तस्राव होतो. स्ट्रोक असेल तर ही रिस्क घ्यावी असं माझं मत आहे. पेशंट स्वतः ठरवण्याच्या स्थितीत नाही. पत्नी आहेत ना? त्यांची संमती लागेल.”

शंतनूनं सगळं मराठीत सांगितलं. “आई, सही कर. विचार करायला टाइम नाहीये.”

कागद बाईंच्या मांडीवर आला. पेन हातात आलं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि सही कुठे करायची ते पाहू लागल्या. रेघ दिसेना. अक्षरं एकमेकांत शिरत होती. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा लावला. तसंच. कागद लांब धरला तेव्हा अक्षरं जरा सुटी झाली, जवळ आणला की पुन्हा पुसट. आणि मघापासून जीभ टाळूला चिकटतेय ती घाबरल्यामुळे, असं त्या समजत होत्या.

चित्र पुसट दिसतंय, असं रविकांत म्हणाले होते.

दोन चमचे. आपण फक्त दोन चमचे खाल्ले होते, आणि त्यांनी दोन वाट्या.

“आई, सही,” शंतनू म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मुलाकडे त्यांना पाहवेना. त्या सुनेकडे वळल्या आणि तिच्याशी, दोघींमधल्या नेहमीच्या मोडक्या इंग्रजीत बोलल्या.

“लुसिया. अदर पॅकेट. चोचो. आय कुक. फॉर बाबा, मॉर्निंग.”

लुसिया भिंतीपासून सुटून त्यांच्यासमोर येऊन गुडघ्यांवर बसली. “हाऊ मेनी डेज इन वॉटर, आई?”

“वन नाइट.”

“यू चेंज द वॉटर?”

“वन टाइम.”

“वॉज इट बिटर?”

“व्हेरी,” बाई म्हणाल्या. “व्हेरी बिटर. आय पुट गूळ.”

लुसिया उठली आणि डॉक्टरांच्या मागे पळत बाहेर गेली.

शंतनू तिथेच उभा होता. “तिनं सांगितलं होतं तुला,” तो म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं, पण त्यानं चढवला नाही. “माझ्यासमोर सांगितलं होतं. आणि आत्ता डॉक्टरांनी विचारलं, मी लुसियाला नको नको ते बोललो, तेव्हाही तू बसून होतीस?”

“होते,” बाई म्हणाल्या.

पुढचा तासभर त्यांना नीटसा आठवत नाही. इंजेक्शन परत गेलं. डॉक्टरांनी विषबाधेच्या केंद्राला फोन लावला, लुसिया शेजारी उभी राहून दाण्याचं नाव, किती दिवस, किती वाट्या, सगळं पुरवत होती. नर्सनं नळी घातली तेव्हा रविकांतच्या तुंबलेल्या पोटातून पिशवी भरून लघवी निघाली, आणि त्यांची तडफड बरीच कमी झाली. सलाईन लागलं. मग डॉक्टर बाईंकडे आल्या, त्यांच्याही डोळ्यांत बॅटरी मारली, आणि म्हणाल्या, “तुम्हीसुद्धा.” बाईंच्या मनगटावर कागदी पट्टा चढला. सहा-आठ तास दोघांवर नजर ठेवायची, हृदयाचे ठोके बघायचे, विष आपोआप उतरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते इंजेक्शन दिलं असतं तर, असं शंतनूनं विचारलं. दिलं नाही हे बरं झालं, एवढंच त्या म्हणाल्या.

शंतनू बाहेर कॉरिडॉरमध्ये लुसियाची माफी मागत होता. ती त्याला “नंतर बोलू” म्हणाली आणि आत येऊन बाईंच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. बाईंना तिच्या नजरेला नजर देता येईना. “मी तुझ्यावर जळत होते गं,” त्या मराठीत म्हणाल्या. लुसियाला शब्द कळले नसावेत. ती शेजारच्या खुर्चीत बसून राहिली, हात धरला नाही, उठूनही गेली नाही.

साडेसातला बाहेर अजून उजेड होता. रविकांतनी डोळे उघडले. बाहुल्या थोड्या आवळल्या होत्या. त्यांनी छताकडे, सलाईनकडे, मग बायकोकडे पाहिलं, आणि सावंताचं नाव घेतलं नाही.

“मृणाल.”

“अहो, बोलू नका. माझं चुकलं. ते बिरडं बाधलं तुम्हाला. तिनं नको म्हटलं होतं, तरी मी केलं.”

ते ओठ ओले करू लागले. लुसियानं चमच्यानं पाणी घातलं.

“कडू जहर होतं,” ते म्हणाले. “पहिल्या घासालाच कळलं मला.”

बाईंना वाटलं, भ्रम अजून उतरला नाही. “अहो, तुम्ही म्हणालात पेणसारखं झालंय. मागून घेतलंत तुम्ही.”

“हो.”

“मग खाल्लंत कशाला? टाकून का नाही दिलंत?”

“कसं टाकणार?” रविकांत म्हणाले. “तू समोर खुर्ची घेऊन बसली होतीस. किती महिन्यांनी अशी बसली होतीस.”