आधी माझा होता

सासूबाईंनी इस्त्री उचलली तेव्हा शर्टाची कॉलर तपकिरी झालेली होती. त्या काळी इस्त्र्या कोळशाच्या असत आणि नजर ढळली की कापड गेलंच. पण लाँड्री सुरू केल्यापासून परक्याचा कपडा त्यांच्या हातून कधी जळला नव्हता.

शर्ट कोपऱ्यावरच्या औषधवाल्याचा होता. भरपाईचं काय, असं सुनेनं विचारलं.

"त्याला कसली भरपाई? त्याचे शर्ट मळायच्या आधीच धुवायला येतात."

सून खाली मान घालून हसली आणि लगेच गंभीर झाली. औषधवाल्यानं तिला मागणी घातली होती. माणूस सरळ होता, तिलाही आवडत होता, तरी तिनं नाही म्हटलं होतं. नवरा लढाईवर गेला तो परतलाच नाही, त्याचं प्रेतही कुणी पाहिलं नाही. मग ती विधवा तरी कुठं होती?

दरवर्षी स्मृतिदिनाला चौकातल्या शिळेपुढे लढाईत पडलेल्यांची नावं वाचत. प्रत्येक नावाला घरातल्या एकानं "हजर" म्हणून ओ द्यायची. बायको असेल तर तिनं, नसेल तर आईनं. एकदा ओ दिली की मरेपर्यंत ती त्याच माणसानं द्यायची. सासूबाईंनी आजवर मुलाचं नाव वाचू दिलं नव्हतं. यंदा मात्र त्या स्वतः जाऊन, नाव वाचा म्हणून सांगून आल्या होत्या. मुलगा गेला हे मानायचं, ओ आपणच द्यायची आणि पोरीला मोकळं करायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

पण सुनेनं उलटाच अर्थ घेतला. ओ मीच देणार, तो मान माझा, म्हणून ती हट्टाला पेटली होती. तिच्या तोंडून तो शब्द गेला की पोर जन्माची त्या शिळेला बांधली जाणार. सासूबाईंनी परोपरीनं समजावलं. सून म्हणाली, तुम्हाला एकटं टाकून मी कुठं जाणार?

चौकात माणसं दाटीवाटीनं उभी होती, तरी चिटपाखरू नसल्यासारखी शांतता होती. एकेक नाव येत होतं, कुठूनतरी ओ जात होती. सासूबाई मनातल्या मनात तो एकच शब्द घोकत होत्या.

मुलाचं नाव आलं.

त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. इतकी वर्षं जे मानलं नाही, ते जिभेवर येईना. वाचणाऱ्यानं मान वर करून पाहिलं आणि नाव पुन्हा घेतलं. शेजारी सुनेनं श्वास भरून घेतला. तिचा खांदा वर झालेला सासूबाईंना दंडाशी कळला.

"हजर."

आवाज चिरका होता, पण पार पलीकडच्या दुकानांपर्यंत गेला. माना वळल्या. बायको उभी असताना आईनं ओ दिली होती. कुणीतरी कुजबुजलं, म्हातारीला रीत ठाऊक नाही का?

"आई, काय केलंत हे?" सून म्हणाली.

"आधी माझा होता तो," सासूबाई म्हणाल्या. "तू जा आता. औषधवाल्याला सांग, शर्ट जळला म्हणून."

सुनेनं त्यांचा हात घट्ट धरला. सासूबाईंनी एकेक बोट हलकेच सोडवलं. मग त्या चालत पुढे गेल्या, ओ देऊन झालेले शिळेपाशी रांगेनं उभे होते तिथं. त्यांना पाहून दोन म्हाताऱ्या थोड्या सरकल्या.

जागा एका माणसापुरतीच झाली.