सीटखालची स्प्रिंग

हे लिहिणारच नव्हतो. एका स्प्रिंगबद्दल काय लिहायचं — अंगठ्याएवढी, गंजकी, दोन बोटांत धरली की दबते, सोडली की परत वर... आणि 'मी' असं टाइप केलं की हात थांबतो, म्हणून गेलन म्हणतो. गेलन शेडमध्ये गुडघ्यांवर बसलाय, पुढ्यात वडिलांचा गवत कापायचा जुना छोटा ट्रॅक्टर, सीट पुढे उलटून टाकलेली, आणि ही स्प्रिंग तळहातावर.

शाबूत आहे. तेच तर वाईट आहे. तुटलेली असती तर दुसरी आणली असती.

विस्कॉन्सिनमध्ये मे महिन्यात गवताला धीर नसतो, आणि अख्खा मे या ट्रॅक्टरपायी गेला. चीजच्या कारखान्यातली पाळी संपवून यायचं, हातांचा आंबट वास जायच्या आत त्यावर पेट्रोलचा वास चढवायचा, आणि परत खोलायचा. डॅड बसले की पोर्चपासून अक्रोडाच्या झाडापर्यंत नीट चालायचा, आणि तिथल्या उतारावर, मुळांच्या उंचवट्यावर हादरा बसला की ठप्प. गेलननं हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल ओतून टाकलं, कार्ब्युरेटर धुतला, मग परत धुतला, प्लग बदलला, कॉइल बदलली — इंजिनाच्या झाकणाखालचं उंदरांचं घरटं काढलं, त्यात आईच्या जुन्या हातमोज्याचे लाल धागे निघाले, आई जाऊन इतकी वर्षं झाली आणि धागे लालच... — आणि दर वेळी स्वतः बसून सगळं अंगण कापून बघितलं. एकदाही बंद पडला नाही. मग डॅड बसायचे. अक्रोड. ठप्प.

"तुझ्यासमोर शहाण्यासारखा वागतो हा," डॅड म्हणायचे. "एखाद्या पोरीच्या बापापुढे तू वागायचास तसा."

आणि सुट्या भागांच्या दुकानातला लेव्ही, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, काउंटरवरूनच ओरडायचा, "आला! अरे, किती वेळा धुशील तो कार्ब्युरेटर? आता इस्त्री करून कपाटात ठेव."

आज मात्र गेलन ट्रॅक्टरच्या बाजूनं चालत गेला, इंजिनाकडे कान लावून. अक्रोडापाशी चाक मुळावर चढलं, डॅड जरासे उचलले गेले — जरासेच, दोरीवरचा शर्ट वाऱ्यानं उचलावा तसे — आणि त्यांच्याबरोबर सीटही वर आली. ठप्प. इंजिनाला काहीच झालेलं नव्हतं. माणूस पडला तर खालची पाती थांबावीत म्हणून सीटखाली बटण असतं; माणसाच्या वजनानं स्प्रिंग आणि सीट दबलेली असली तरच इंजिन चालतं. इंजिनाला वाटलं होतं, सीटवर कुणी नाही.

आणि हे तेच डॅड. बर्फ पडला की शेजारीपाजारी मागच्या चाकांना लोखंडी वजनं बांधतात, नाहीतर ट्रॅक्टरला पुढे फळी लावून बर्फ ढकलताना चाकं जागच्या जागी फिरतात. डॅडनी कधी बांधली नाहीत. "माझं बूड पुरे आहे," म्हणायचे आणि बसायचे, ट्रॅक्टर चक्क कण्हायचा, आई खिडकीतून हसायची... गेल्या हिवाळ्यात चाकं जागच्या जागी फिरली. डॅड म्हणाले टायर गुळगुळीत झालेत, आणि मी — गेलननं — टायर बदलले. बदलले आणि हात झटकले. कमरेच्या पट्ट्याला खिळ्यानं पाडलेलं नवं भोक दिसत होतं, पट्ट्याचं टोक लोंबत होतं, ताटातलं अर्धं मांस टेबलाखाली जात होतं, कुत्रा लठ्ठ होत होता — सगळं दिसत होतं, आणि तो प्लगची गॅप मोजत बसला होता. गॅप मोजता येते म्हणून.

"काय निघालं?" डॅड शेडच्या दाराला टेकून उभे होते.

"बघतोय."

"बघ, बघ. म्हणून तर मी डॉक्टरकडे जात नाही. तेही नुसते बघतात." स्वतःच हसले. "शनिवारी चर्चमागचं गवत आहे, लक्षात आहे ना? तुझ्या आईची ओळ मीच कापणार. म्हातारा एर्विन आत्ताच विचारत होता, यंदा मी घेऊ का म्हणून. म्हटलं, तू आधी स्वतःच्या नाकातले केस काप."

दर वर्षी मेच्या शेवटी गावातले म्हातारे आपापले ट्रॅक्टर घेऊन कबरींमधलं गवत कापतात, आणि ज्याची ओळ त्याची. आईची ओळ टेकडीच्या अंगाला आहे. सगळ्यात उतार तिथेच.

डॅड घरात गेल्यावर त्यानं लेव्हीला फोन लावला.

"सीटचं बटण? हात्तिच्या!" लेव्ही म्हणाला. "दोन वायरी काढ, एकमेकींना जोड, टेप मार. अर्धा गाव तसाच फिरतोय."

वायरी बोटांत होत्याच. जोडल्या की झालं — शनिवारी डॅड आपली ओळ कापतील, कुणाला काही सांगायला नको, काही विचारायला नको, आणि उतारावर तोल गेलाच तर पाती आपली फिरत राहतील... आपण किती दमलोय, त्याला वाटलं, की हेसुद्धा सोपं वाटतंय.

"बटण बिघडलंय ना पण?" लेव्हीनं विचारलं.

"बटण चांगलं आहे."

पलीकडे कुणीतरी तेलाचा फिल्टर मागत होतं. लेव्हीनं त्याला थांबायला सांगितलं. मग खालच्या आवाजात, "वजनानं किती उतरलेत रे ते?"

"विचारलं नाही."

"जोडू नकोस. ऐकतोयस का? मघाशी बोललो ते सोड."

गेलननं स्प्रिंग परत जागेवर बसवली, सीट खाली केली, तळहातानं दाबली. दबली. नुसत्या हातानं, जरा जोर लावला तरी. स्वयंपाकघरात दिवा लागला, बटाटे शिजल्याचा वास आला, कुत्रा शेपटी हलवत आधीच दाराशी.

"आहेस का?" लेव्ही.

"आहे. नाही जोडत," गेलन म्हणाला. "आज जेवताना कुत्र्याला बाहेर ठेवतो. आणि विचारतो डॅडना. शब्द देतो तुला."