वाळल्या बाभळीची लागवड

तळेगावच्या शिवारात, आपल्याच वावरातल्या विजेच्या खांबाखाली मेलेला सापमार गरुड रूपरावनं उचलला. पंखांची टोकं जळालेली. खांबावरच्या लोखंडी पट्टीवर बसला असणार, उडताना पंख तारेला लागला आणि खेळ खलास. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, हिवराच्या झाडावर त्याचं घरटं, घरट्यात एकच पिल्लू. आता मादीनं एकटीनं शिकार करायची, आणि साप हेरायला ती बसणार कुठं, तर त्याच खांबावर!

चूक कोणाची? रूपरावचीच. इतकी वर्षं ही जोडी वावराच्या मधोमध उभ्या वाळक्या बाभळीवर बसायची. यंदा हरभरा काढायला हार्वेस्टर येणार, त्याला वळायला अडचण नको म्हणून या शहाण्यानं पंधरा दिवसांमागं बाभूळच तोडली आणि सरपणाला घरामागं नेऊन टाकली. पाखरांनी मग खांब धरला. काढा आता हरभरा!

त्यानं लाइनमन भूपेंद्रला फोन लावला.

"काका, तारेले कव्हर चढवाले लाइन बंद करा लागते. सोमवारी येतो, पक्कं."

"आज गुरुवार हाये ना बा! तोवर दुसरंबी मरन!"

"मंग मी का करू? पाखराले सांगू का, बसू नको म्हणून?"

रूपराव असा तडकला, की फोन खिशात कोंबून त्यानं थेट ट्रॅक्टरच काढला. बाभळीचं खोड ट्रॉलीत चढवताना पाहून त्याची बायको धुरपता धावत आली.

"सरपण कुठी घेऊन चालले?"

"वावरात लावतो."

"वाळलेलं झाड लावता? बह्याड झाले का तुम्ही? मंग रोज पाणीबी टाकजा त्याले, पालवी फुटन!"

बोलली खरी, पण फावडं घेऊन ट्रॉलीत आधी तीच चढली. शेजारच्या वावरातले चौघे हसत हसत मदतीला आले. जुन्या जागीच, खांबापासून चांगलं लांब, कंबरभर खड्डा खणला, दोर लावून खोड उभं केलं, भोवती दगड ठासले.

शुक्रवारी सकाळी मादी आली ती सरळ खांबाकडं. रूपरावनं तेलाचा रिकामा पिपा बडवला, आरोळ्या ठोकल्या. ती वर गेली, फिरून आली. पुन्हा पिपा, पुन्हा आरोळ्या. बिचाऱ्याचा घसा बसला. दुपार कलली तशी ती घिरट्या घालत खाली आली आणि बाभळीच्या शेंड्यावर टेकली. पंख मिटून तिनं रूपरावकडं पाहिलं, काय माणूस आहे बाप्पा, असं! घटकाभरानं हरभऱ्यात झेप घेतली आणि साप घेऊन हिवराकडं गेली.

रूपराव धुऱ्यावर मटकन बसला आणि ढसाढसा रडला. इतकं मोकळं त्याला कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

शनिवार, रविवार पिपा बडवण्यातच गेले. सोमवारी भूपेंद्र शब्दाला जागला, तारांना कव्हर चढलं. खाली उतरून म्हणाला, "झालं काका. आता हे लाकूड न्या घरी, हार्वेस्टरले आडवं येईन."

रूपरावनं तोंड उघडायच्या आत धुरपता पाण्याची बादली घेऊन आली आणि बाभळीच्या बुडाशी रिकामी केली.

"हार्वेस्टरले म्हना बाजूनं जाय," ती म्हणाली. "झाड लावलेलं हाये आमी इथं."