टॉम हॉलीचा क्रूस

त्या वर्षी ऑक्टोबरात इटलीची एक सिनेमा कंपनी स्पेनमधल्या आमच्या ताबेर्नास गावी आली आणि गावाबाहेरच्या कोरड्या ओढ्यात तिनं दोनशे कबरींची खोटी दफनभूमी उभी केली. मातीचे उंचवटे आणि त्यांवर लाकडी क्रूस. गोष्ट अमेरिकेतली होती. एका माणसाच्या भावाला पाच जण मारतात आणि तो त्या पाचही जणांना शोधून सूड घेतो. अंत्ययात्रेच्या प्रसंगासाठी त्यांना काळ्या कपड्यांतल्या बायका हव्या होत्या. आमच्या गावात त्यासाठी वेगळे कपडे शिवायची गरज पडली नाही.

त्या बायकांत विर्तुदेस होती. सत्तावीस वर्षं ती काळ्या कपड्यांत होती. देशातलं यादवी युद्ध संपलं त्या वर्षी जिंकलेल्यांनी तिच्या नवऱ्याला, एलादियोला, ट्रकमधून नेलं आणि गोळी घातली. कुठे पुरलं ते कोणी सांगितलं नाही आणि विचारायची सोयही नव्हती. दर वर्षी एक नोव्हेंबरला येणाऱ्या सर्व संतांच्या सणाआधी गावातल्या बायका चुन्याची बादली घेऊन आपापल्या माणसांच्या कबरी पांढऱ्या करायला जातात. विर्तुदेस त्या दिवशी आपल्या घराची भिंत पांढरी करायची.

क्रुसांवर नावं रंगवायला ओरेस्ते नावाचा इटालियन होता. आमची भाषा मोडकीतोडकी बोलायचा. विर्तुदेस त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ए बाबा, एकावर माझ्या नवऱ्याचं नाव लिही. एलादियो रूबियो. कोपऱ्यातला दिलास तरी चालेल."

"लिहितो, मावशी. त्यात काय!"

दोन दिवसांनी ती मला बोलवायला शाळेत आली. तिला वाचता येत नव्हतं आणि मी गावाचा मास्तर. ओढ्यात पोचलो तर ओरेस्तेनं मला बाजूला घेतलं.

"लिहिलं होतं हो मी. पण दिग्दर्शकानं पाहिलं. म्हणाला, अमेरिकेत एलादियो कुठून उपटला? पुसायला लावलं. मला तिला सांगवत नाही, मास्तर. तुम्हीच सांगा."

क्रुसावर 'टॉम हॉली' असं लिहिलेलं होतं.

"वाचा की, मास्तर," विर्तुदेस म्हणाली. "का चष्मा घरी विसरलात?"

लिहिलंय तेच वाचावं, मनचं वाचू नये, हे मी तीस वर्षं मुलांना सांगत आलो होतो. मी वाचलं, "एलादियो रूबियो."

तिनं प्रत्येक अक्षरावरून हळूहळू बोट फिरवलं. मग शालीच्या टोकानं क्रुसावरची धूळ पुसली.

सणाच्या दुसऱ्या दिवशी तिथे चित्रीकरण होतं. कॅमेरा लावून बघतात तर दोनशे मळकट कबरींत कोपऱ्यातली एकच पांढरीशुभ्र. अक्षरं तेवढी सोडून क्रुसालाही चुना फासलेला, पुढे शेवंतीची फुलं आणि तेलाचा दिवा. दिग्दर्शक हातवारे करून ओरडत सुटला. ओरेस्ते धावत विर्तुदेसकडे आला.

"मावशी, काय करून ठेवलंस हे? तिकडे बोंब चाललीय!"

"मग सणाला कबर अशीच घाण ठेवायची? तुमच्याकडे बायका नाहीत का रे?"

"अगं, सिनेमा आहे हा. सूड घेणारा इथून घोड्यावरून जाणार. त्यानं पाचही जणांना उडवलंय."

"मारायच्या आधी विचारलं का त्यांना, भाऊ कुठे पुरलाय म्हणून?"

"नाही. तसं काही गोष्टीत नाही."

"पाचांनाही मारलं? मेल्याला अक्कल नाही. आता विचारणार कोणाला?"

रांगेतल्या बायकांपैकी कोणी हसलं नाही.

चिखल लावायला दोन माणसं बादली घेऊन आली. तिनं ती त्यांच्या हातातून काढून घेतली. "दुसऱ्या कोणाचा हात लागायला नको," म्हणाली आणि चुन्यावर स्वतः चिखल लिंपला.

आठवड्याभरात कंपनी गेली. जाताना ओरेस्तेनं तो क्रूस तिच्या घरी पोचवला. डिसेंबरात एका संध्याकाळी मुलं घरी गेल्यावर ती शाळेत आली.

"मास्तर, त्याचं नाव मला नीट लिहायला शिकवा. बरंचसं येतंय. महिनाभर कोळशानं भिंतीवर गिरवतेय."

तिनं खडू घेतला आणि फळ्यावर 'टॉम हॉली' लिहिलं. एकही चूक नव्हती. अक्षर वळणदार होतं.

"कसं आलंय?"

आता पुन्हा खोटं बोलणं मला जमेना. "विर्तुदेस, हे एलादियोचं नाव नाही," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

ती फळ्याकडे बघत राहिली. "मग हा कोण?"

"कोणी नाही. सिनेमासाठी बनवलेलं नाव आहे."

"आणि तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"हो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं काळ्या बाहीनं फळा पुसला. "त्याचं लिहा."

मी नवऱ्याचं नाव लिहून दिलं. ती खाली गिरवू लागली. आमच्या रोमन लिपीत दोन्ही नावांचं पहिलं अक्षर उभ्या रेघेनं सुरू होतं. एलादियोच्या अक्षरात त्या रेघेतून उजवीकडे तीन काड्या काढायच्या असतात. पण उभी रेघ ओढून झाली की तिचा हात वर जायचा आणि रेघेच्या डोक्यावर एक आडवी रेघ ठेवायचा. तिनं पुसलं. पुन्हा काढलं. पुन्हा टॉमचंच अक्षर उमटलं. पहिल्यांदा बसलेलं वळण सुटायला फार वेळ लागतो, हे मला माहीत होतं.

"थांब, मी हात धरून गिरवून घेतो," मी म्हणालो.

"तुम्ही धरू नका," ती म्हणाली.

मी मागे सरलो. तिनं पुन्हा उभी रेघ ओढली.